दहा तासांवरचा भाऊ

कॉव्हेंट्री,
दि. २८ मार्च १९७१

ती. शरयूताईस,
हेमचंद्राचा शि. सा. न. वि. वि.

तुझं लग्न ठरल्याचं बापूंचं पत्र परवा मिळालं आणि मी कारखान्याच्या जेवणघरात एवढ्याने ओरडलो की शेजारच्या गोऱ्याच्या हातातला चहा सांडला. बहिणीचं लग्न ठरलं म्हटल्यावर त्याने माझा हात हलवला आणि सांडलेला चहा मलाच पुसायला लावला.

मुलगा जबलपुरातल्याच गढ्याचा, तोफांच्या कारखान्यात तपासनीस, नाव अच्युत, आईला मागे अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, एवढं बापूंनी कळवलं. तो तुझ्या रागाला पुरून उरेल की नाही, हे मात्र कळवलेलं नाही. आई गेल्यापासून तुझ्या हातचे रट्टे खाऊन मोठा झालो आहे, म्हणून विचारतो. त्याला आधी कोणी सावध केलं आहे का?

आता मुख्य गोष्ट. वैशाखातली तिथी धरू नका. मला इथे लागून वर्ष व्हायचं आहे, रजा मिळणार नाही. जुलैअखेर मात्र आमचा सगळा कारखानाच दोन आठवडे बंद असतो. तेव्हा लग्न ठेवा, मी येतोच. रात्री लंडनला विमानात बसलं की दहा तासांत सांताक्रूझ. साडेचार हजार मैल, ताई! लहानपणी आपण बैलगाडीने पाटणला जायचो तेव्हा अख्खा दिवस मोडायचा. विमान कंपनीचं वेळापत्रक सोबत पाठवतो, बापूंना दाखव.

आणि मी नसलो तर होमाच्या वेळी तुझ्या ओंजळीत लाह्या कोण घालणार? नवरदेवाचा कान कोण पिळणार? सख्खा भाऊ जिवंत असताना चुलत-मावस उभा केलेला मला चालणार नाही, आधीच सांगून ठेवतो. अच्युतरावांना म्हणावं, कानाला तेल लावून ठेवा.

बापूंना साष्टांग नमस्कार. लोभ आहेच, लग्नात भेटेपर्यंत तो कोणाला देऊ नकोस.

तुझा,
हेमू


दीक्षितपुरा, जबलपूर,
दि. १६ एप्रिल १९७१

चि. हेमचंद्रास,
शरयूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि घरात लग्न राहिलं बाजूला, विमानाचीच चर्चा सुरू झाली. बापूंनी ते वेळापत्रक पंचांगात घालून ठेवलं आहे आणि येईल त्याला दाखवून राहिले आहेत. भाऊरावकाकांना दाखवून झालं, शेजारच्या वकिलांना दाखवून झालं. दूधवाल्या भैयालासुद्धा सांगितलं की हमारा हेमू दस घंटे में आ जाता है. तो म्हणाला, माझा भाऊ इथल्या कटनीहून यायला याहून जास्त वेळ लावतो. बापू खूश. त्यांना तो टोमणा वाटलाच नाही.

पण शहाण्या, जुलैअखेर म्हणजे श्रावण! तुझ्या कारखान्याला सुट्टी आणि आपल्या देवांना झोप, दोन्ही एकाच वेळी. चातुर्मासात लग्न कोण लावतं? तीन वर्षं परदेशात राहिलास तर महिनेही विसरलास. वैशाख-ज्येष्ठ सोडले की थेट मार्गशीर्ष. मी हे बापूंना समजावून सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, मग वैशाखच बरा. ते म्हणाले, ठीक, मार्गशीर्ष. झालं! भाजी नाही मिळाली तर वरण करा, इतक्या सहज सांगितलं.

गढ्याला निरोप घेऊन मीच गेले. रीत नाही, पण काकांना तोंड दाखवायची लाज वाटून राहिली होती. भानुमतीबाई, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, ओसरीवर बसून गहू निवडत होत्या. उजवा हात अजून उचलत नाही, डाव्या हाताने निवडतात, आणि जीभ मात्र खणखणीत. मंगलाष्टकं स्वतः म्हणणार आहेत, भटजींवर त्यांचा भरवसा नाही. दुसरा झटका कधीही येऊ शकतो असं डॉक्टरांनी अच्युतरावांना सांगून ठेवलं आहे. बाईंचं एकच मागणं आहे, माझ्या डोळ्यांदेखत अक्षता टाकू द्या. मी मार्गशीर्षाचं सांगितल्यावर त्यांनी हातातले गहू सुपात ठेवले आणि म्हणाल्या की एकुलता एक भाऊ आहे, तो हवाच, मी थांबून राहीन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अच्युतरावांनी मला रिक्षापर्यंत पोचवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी रागावले आहे, हेमू. तुझी नोकरी नवी आहे हे मला समजतं, म्हणून जास्त लिहीत नाही. पण ती बाई तुझ्यासाठी थांबली आहे, माझ्यासाठी नाही. मार्गशीर्षात यायचंच.

थंडीत छातीला बाम लावत जा. कळावे. लोभ आहे, तो तोवर टिकेल अशी तजवीज तुझी तू कर.

तुझी ताई


दीक्षितपुरा, जबलपूर,
दि. २४ ऑगस्ट १९७१

चि. हेमचंद्र यास,
बापूंचे अनेक उत्तम आशीर्वाद. येथील क्षेम जाणून तिकडील लिहीत जावे.

लग्नाची तिथी ९ डिसेंबर, गुरुवार, अशी पक्की केली आहे. तू आठवडाभर आधी यावे. सूट आणावा, परंतु होमाचे वेळी सोवळे नेसावे लागेल, ते येथे आहे.

पोळ्याचे दिवशी भानुमतीबाईंना दुसरा झटका आला. बोलणे जड झाले आहे, मधूनच विसरतात. भाऊराव म्हणून राहिला आहे की चातुर्मास पाहू नका, घरच्या घरी गोरज मुहूर्तावर उरकून टाका, त्याचा रेल्वेतला मुलगा श्रीरंग भाऊ म्हणून उभा राहील. शरयूही त्याचीच री ओढते. मी साफ नाही म्हटले. माझा मुलगा दहा तासांवर असताना मी उसना भाऊ काहून आणू? लोक काय म्हणतील? चार महिने सगळ्यांना सांगून बसलो आहे.

शरयू दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे, आईवर गेली आहे. तू आलास म्हणजे सर्व सुरळीत होईल. प्रकृतीस जपावे. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

बापू


दीक्षितपुरा, जबलपूर,
दि. १२ ऑक्टोबर १९७१

हेमचंद्रास,
आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिते.

दादरहून कुंदाचं पत्र आलं. आपली मावसबहीण, तुला आठवत असेलच, कारण गेल्या महिन्यात तिच्याकडे बसून तू थालीपीठं चापलीस. तिने सहज लिहिलं आहे, की हेमू रंगाने उजळला, अंगानेही भरला, आता ताईच्या लग्नात त्यालाही बघून ठेवा. सहज! तिला वाटलं की आम्हाला माहीत आहे.

चार दिवस तू मुंबईत होतास. चार दिवस! आणि आम्हाला एक कार्ड नाही. लंडनहून सांताक्रूझ दहा तास म्हणून माझं लग्न वैशाखातून उचलून मार्गशीर्षात टाकलंस. सांताक्रूझहून जबलपूर मात्र तुला लांब पडलं? मेल रोज सुटते, संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी माणूस घरी. विमानाच्या गप्पा मारणाऱ्याला एक रात्र गाडीत बसवेना. आणि सांताक्रूझला आपलं कोण राहतं रे? तुझे दहा तास एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत. माणसं विमानतळावर राहत नाहीत. ती दीक्षितपुऱ्यात राहतात, गढ्यात राहतात, आणि आजारी पडतात.

बापूंना मी हे सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी.

परवा मी भानुमतीबाईंची वेणी घालत होते. त्यांनी मला प्रतिमा म्हणून हाक मारली. प्रतिमा त्यांची मुलगी, पाटणला दिलेली. मी ओ दिली. थोड्या वेळाने त्यांचं त्यांनाच उमगलं, तेव्हा माझा हात धरून रडल्या. मार्गशीर्षापर्यंत त्या जगतील, डॉक्टर तसं म्हणतात. पण जे उरेल त्यात त्या किती असतील, हे डॉक्टर सांगत नाहीत. त्या थांबून राहिल्या आहेत, आणि ज्याच्यासाठी थांबल्या तो दादरला थालीपीठ खाऊन परत जातो. माझ्या अंगाचा तिळपापड होतो आहे. हे पत्र मी तीनदा फाडलं, हे त्यातल्या त्यात सौम्य आहे.

लोभाचं नाव या पत्रात घेऊ नकोस आणि उत्तरात मागू नकोस.

शरयू


कॉव्हेंट्री,
दि. २५ ऑक्टोबर १९७१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू रागावलीस, रागव. आता माझंही ऐक, आणि मी ओरडूनच लिहितो आहे असं समज.

कंपनीने मला ठाण्याला एक यंत्र बसवायला पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी काम संपलं. त्या संध्याकाळी मी व्हीटीला गेलो होतो, ताई. तिकिटाच्या रांगेत उभा होतो. मग डोक्यात आलं की पोचणार, एक वेळ जेवणार, आणि त्याच पावली परत फिरणार. बापू तेवढ्यात आळीभर हाका मारून मला सगळ्यांना दाखवणार. तू विचारणार की आत्ता आलास तर आत्ताच भाऊ म्हणून उभा का राहत नाहीस. मी रांगेतून बाहेर पडलो. चुकलो. तुझ्या शिव्या मला मान्य आहेत.

पण दहा तासांची थाप मी तुम्हाला मारली नव्हती, स्वतःला मारली होती. इथे अंधार दुपारीच पडतो. खोलीत मी एकटा, खाली म्हातारी मालकीण, तिला कांद्याचा वास चालत नाही. दहा तास म्हटलं की घर जवळ वाटतं, बस्स, एवढंच. आणि तुम्ही? बापूंच्या पत्रात विमान आणि सूट. तुझ्या पत्रात राग. तू रात्री काय जेवतोस रे हेमू, असं तीन वर्षांत कोणी विचारलं? मला काय दाखवायला ठेवलेला हत्ती समजता?

रजा मंजूर झाली आहे. ३ डिसेंबरचं तिकीट काढलं आहे. या वेळी येतो, भाऊ म्हणून ठेव किंवा दारात उभा कर.

लोभ मागत नाही. तूच म्हणालीस.

हेमू


दीक्षितपुरा, जबलपूर,
दि. २२ नोव्हेंबर १९७१

चि. हेमू,
आशीर्वाद.

भांडण राखून ठेवते, आता वेळ नाही. इथे कारखान्याचा भोंगा दिवसातून किती वेळा होतो ते मोजणं आम्ही सोडून दिलं आहे. अच्युतराव ओव्हरटाइमला जातात ते कधी परत येतील सांगता येत नाही. खिडक्यांना काळे कागद लावायचा हुकूम झाला आहे. लढाई होणार हे आता पानवालाही सांगतो. बापू तेवढे म्हणतात की विमानाला जमिनीवरच्या लढाईचं काय.

तीन तारखेची वाट बघू नकोस. पाया पड, भांड, हवं तर आजारी पड, पण आधी निघ. तुझ्या दहा तासांवर मी आता एक मिनिटही विसंबून नाही.

काही जेवतोस की नाही? विचारलं, झालं समाधान?

ताई


बैरूत,
दि. ५ डिसेंबर १९७१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी निघायच्या आदल्या दिवशी तुझं पत्र हातात पडलं. त्याआधी मिळालं असतं तरी साहेबाने सोडलं नसतं, त्याला हिंदुस्थान नकाशावर दाखवावा लागतो.

विमान इथे उतरवलं आणि सांगितलं की पुढे लढाई आहे, जाणार नाही. दोन दिवस आम्ही सगळे विमानतळाच्या बाकांवर आहोत. एक गुजराती कुटुंब आहे, त्यांच्या मुलीचं मुंबईत बाळंतपण आहे, तिची आई रडून रडून दमली. मी खिडकीवरच्या माणसावर इतका ओरडलो की त्याने शिपाई बोलावला. इथून मुंबई पाच तास आहे, ताई. भिंतीवरच्या नकाशात माझ्या वितीएवढी. आणि मी तिथे बसून ती वीत बघतो आहे.

बापूंच्या नावाने तार केली आहे, थांबा म्हणून. दोन दिवसांत मार्ग उघडेल असं सगळे म्हणतात. थांबा. आजवर खोटं वागलो असेन, पण या वेळी खरोखर निघालो आहे. माझ्यावाचून उरकू नका.

हेमू


दादर, मुंबई,
दि. १८ डिसेंबर १९७१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल इथे पोचलो. लढाई संपली म्हणून रस्त्यात लोक पेढे वाटत होते. कुंदाने सांगितलं की लग्न नऊ तारखेलाच झालं. मी तिच्या स्वयंपाकघरात उभाच राहिलो.

वर्षअखेरीला मला कामावर हजर व्हायचं आहे. मधे थोडे दिवस आहेत. पण कोणत्या तोंडाने येऊ? तू ये म्हणालीस तर येतो. नको म्हणालीस तर इथूनच परत जातो, वाईट वाटून घेणार नाही. तुझ्या उत्तराची वाट बघतो.

अच्युतरावांना नमस्कार. लोभाविषयी तू ठरवशील ते.

हेमू


गढा, जबलपूर,
दि. २२ डिसेंबर १९७१

हेमचंद्रास,
आशीर्वाद बापूंचे घे. माझे रागाखाली कुठेतरी दबले आहेत, सापडले की देईन.

येऊ का म्हणून पत्राने विचारतोस! तुझं पत्र इथे यायला जेवढे दिवस लागले, तेवढ्यात तू येऊन, जेवून, भांडून परत गेला असतास. तुला अक्कल कधी येणार?

तुझी तार सहा तारखेला मिळाली. बापूंनी ती डोळ्यांना लावली आणि फर्मान काढलं की लग्न माघात. मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यापुढे आवाज चढवला. म्हटलं, तुम्ही वेळापत्रक घेऊन बसा, मी गढ्याला चालले, लग्न लागलं तर लागलं, नाहीतर तशीच राहून त्या बाईची सेवा करीन. भाऊरावकाका माझ्या बाजूने उभे राहिले. बापू तीन दिवस अन्नावर रागावले. पण नऊ तारखेला रिक्षा आली तेव्हा कोट घालून सगळ्यांच्या आधी तेच आत बसले होते.

अच्युतरावांना रजा नव्हती. दोन पाळ्यांच्या मधे दुपारी लग्न. मांडव नाही, बाजा नाही, खिडक्यांना काळे कागद, भर दुपारी दिवा लावून होमाला बसलो. लाह्यांची वेळ आली आणि गुरुजींनी नवरीच्या भावाला हाक मारली. श्रीरंग यायचा होता, त्याला रेल्वेने ड्यूटीवरून सोडलं नाही. सगळे बापूंकडे बघायला लागले आणि बापू जमिनीकडे. दारात रामराव उभा होता. अच्युतरावांच्या पाळीतला, त्यांना परत कारखान्यात न्यायला आला होता. त्याने चपला काढल्या, आत आला आणि म्हणाला की दीदीला भाऊ नसेल तर हम हैं ना. हात ग्रीसने काळे. गुरुजींनी धुवायला सांगितले, धुतले, तरी काळेच. त्या हातांनी त्याने माझ्या ओंजळीत लाह्या घातल्या आणि कान असा पिळला की अच्युतराव मोठ्याने ओरडले. सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता तुझा इतका राग आला की लाह्या सांडल्या.

आता पुढचं नीट वाच. सासूबाईंना उशांच्या आधाराने बसवलं होतं. प्रतिमाने डाव्या मुठीत अक्षता दिल्या. त्यांनी टाकल्या, आमच्या डोक्यावर बरोबर पडल्या. मंगलाष्टकाची एक ओळही गुरुजींबरोबर म्हटली. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी प्रतिमाला विचारलं की हे लोक कोणाचं लग्न करून राहिले. अच्युतराव मुंडावळ्यांसकट त्यांच्यासमोर वाकले आणि म्हणाले की आई, माझं, तुझ्या अच्युतचं. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनाच समजावल्यासारखं म्हणाल्या, की माझा अच्युत शाळेत गेला आहे, त्याचं लग्न व्हायचं आहे, सुनेचा भाऊ परदेशातून यायचा आहे, म्हणून मी थांबून राहिले.

त्या अजूनही थांबूनच आहेत, हेमू. लग्न झालं तरी. रोज सकाळी मी चहा दिला की मला विचारतात, बाई, अच्युतची तारीख ठरली का? मी सांगते, ठरली. वैशाखात याच बाईने घर डोक्यावर घेतलं असतं. तो वैशाख मला आता कोणीही आणून देऊ शकत नाही, तू नाही, बापू नाही, तुझं विमान नाही. बैरूतला अडकलास त्यात तुझा दोष नाही, हे मला कळतं. कळलं म्हणून राग कमी होत नाही.

सप्टेंबरचं मी शेवटी बापूंना सांगितलं. मला वाटलं, भडकतील. त्यांनी एवढंच विचारलं की कुंदाकडे तो पोटभर जेवला ना.

इथे तुझ्यासाठी कुठलंही काम उरलेलं नाही. रामराव रविवारी हक्काने चहाला येतो आणि साखर कमी पडली तर सांगतो. सासूबाईंना तू कोण ते कळणार नाही. बापू तुला आळीभर दाखवतील. मी बोलेन, पुष्कळ बोलेन, आणि तुला ऐकून घ्यावं लागेल. लोभाचं काय ते समोरासमोर ठरवू. हे पत्र मिळालं की उत्तर लिहायला बसू नकोस. किती तास लागतील तेही कळवू नकोस. निघ.

तुझी ताई